दोन्ही ऊद व्हिएतनामचेच, मग वास इतका वेगळा कसा?

प्रश्न : नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त हो ची मिन्ह सिटीला असतात, दिवाळीला आले तेव्हा ह्यांच्यासाठी उदाच्या, म्हणजे अगरूच्या, तेलाच्या दोन छोट्या कुप्या घेऊन आले, पाव-पाव तोळ्याच्या. एकीवर फू क्वोक लिहिलंय, दुसरीवर न्हा त्रांग. फू क्वोकवाली उघडली की मधासारखा गोड वास येतो, घरात सगळ्यांना आवडली, अगदी सासूबाईंनासुद्धा. दुसरी उघडली आणि ह्यांनी लगेच झाकण लावून टाकलं, म्हणाले हे खराब झालंय, गोठ्याचा वास येतोय. भाऊजी म्हणतात दोन्ही ओरिजिनल आहेत आणि दुसरीच महाग पडली. आता खरं काय समजायचं? दोन्हीतलं थोडं थोडं तेल सोबत पाठवतेय, लावून बघा आणि सांगा. आणि पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, तिथे ह्यांनी कुठलं लावावं?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना सांगा की ती न्हा त्रांगची कुपी फेकू नका आणि कुणाला देऊनही टाकू नका. ते तेल अजिबात खराब झालेलं नाही. मला तर दोन्हींत तेच जास्त आवडलं. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण उदाच्या बाबतीत बहुतेक लोक पहिल्या पाच मिनिटांत निकाल लावून मोकळे होतात आणि खरं तेल तिथून पुढे सुरू होतं.

आपल्याकडे राजवाड्याच्या आसपास अत्तरवाल्याकडे गेलं की तो काचेची काडी हाताच्या पाठीवर ओढतो आणि लगेच विचारतो, कसं वाटलं? मोगरा असेल, खस असेल तर ठीक आहे, तो पहिल्या क्षणी जसा असतो साधारण तसाच पुढेही राहतो. उदात हलके घटक आधी उडून जातात आणि जड घटक मागे राहून हळूहळू उलगडतात, त्यामुळे सकाळी नऊचा वास दुपारी बाराला नसतो आणि संध्याकाळी तर तिसराच काहीतरी असतो. म्हणून दोन ऊद ताडून बघायचे तर कुपीला नाक लावून उपयोग नाही, एक डाव्या मनगटावर, एक उजव्या, दोन्ही सारखेच, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि मग दिवसभर आपलं काम करत राहायचं, मधूनमधून हुंगायचं. आंघोळीला वासाचा साबण नको, आणि त्या दिवशी संध्याकाळी सराफ्यात खायला जायचा बेत असेल तर तो पुढे ढकला, तुपाच्या आणि जलेबीच्या वासात काही कळत नाही. मीही असंच केलं.

फू क्वोकवालं पातळ आहे, रंगाने मधाळ. लावल्या लावल्या मध, पिकलेला आलुबुखार, मनुका, आणि त्यामागे एक थंडसा, जरा पुदिन्याकडे झुकणारा वास. एकदम स्वच्छ, कुठे खटकत नाही, सासूबाईंना आवडलं यात काहीच नवल नाही. तासाभराने आलुबुखार गेला, मध उतरला, खाली सुकं गोडसर लाकूड राहिलं, ते छान आहे पण एकसुरी आहे, आणि जेवायला बसेपर्यंत वास घ्यायला मनगट पार नाकापर्यंत न्यावं लागत होतं.

न्हा त्रांगवालं दाट, काळपट तपकिरी, आपल्याकडच्या या थंडीत तर काडीवरून उतरायलाच तयार नव्हतं, कुपी थोडा वेळ मुठीत धरून ठेवली तेव्हा हललं. आणि हो, सुरुवातीला गोठा आहेच, मिस्टरांचं नाक बरोबर आहे. ओलं चामडं, काहीतरी आंबलेलं, आणि जिभेवर जाणवेल असा कडवटपणा. पंधरा-वीस मिनिटं हे चालतं. मग गोठा मागे सरतो आणि दालचिनी वर येते, नुसती गोड नाही, साल चावल्यावर जी झोंबते ती दालचिनी. तिच्यामागून काळी मिरी, मग एक कडू झाडपाल्याचा वास, आणि साधारण दोन-अडीच तासांनी हे सगळं एकमेकांत मिसळून धुपाचा जो वास तयार होतो, गोड आणि कडू एकाच वेळी, आणि मधूनच एखादी फुलाची झुळूक, तो इतका सुंदर आहे की मी हातातलं काम बाजूला ठेवलं. रात्री शाल घेतली होती, तिच्या काठाला तो दुसऱ्या दिवशीसुद्धा होता.

आता तुमचा मूळ प्रश्न, गोठा आला कुठून. उदाचं झाड म्हणजे अक्विलेरिया, व्हिएतनाममधली मुख्य जात अक्विलेरिया क्रास्ना. निरोगी झाडाचं लाकूड पांढरट, हलकं, त्याला वासच नसतो. खोडाला जखम झाली, बुरशी शिरली, की झाड स्वतःला वाचवण्यासाठी त्या जागी काळपट राळ तयार करतं, आणि ही राळेने भरलेली लाकडं म्हणजे ऊद. ती कुटून, बारीक करून पाण्यात भिजवतात आणि मग भट्टीवर चढवून तेल काढतात. हे भिजवणं कुणी दोन-चार दिवस करतं, कुणी कित्येक आठवडे, आणि त्या पाण्यात लाकूड आंबतं. ढोकळ्याचं पीठ किती आंबू द्यायचं हे जसं करणाऱ्यावर असतं तसंच हे आहे, जास्त आंबवलं की तेलात चामडं, गोठा, चीजसारखा वास येतो, कमी आंबवलं की फळं आणि मध वर राहतात. शिवाय भट्टी तांब्याची की स्टीलची, आच किती, किती दिवस उकळत ठेवलं, सुरुवातीला निघालेलं हलकं तेल वेगळं ठेवलं की शेवटच्या जड तेलात मिसळलं, या प्रत्येक गोष्टीने वास बदलतो. तुमचं न्हा त्रांगवालं भरपूर भिजवलेल्या, राळ जास्त असलेल्या लाकडाचं असावं, आणि फू क्वोकवालं कमी भिजवलेलं, कमी वयाच्या झाडाचं, असं माझं नाक सांगतंय.

म्हणून लेबलवरच्या गावावर फार जाऊ नका. लोक म्हणतात फू क्वोक म्हणजे फळांचा वास आणि न्हा त्रांग म्हणजे मसाल्याचा, त्यात थोडं तथ्य आहे, पण एकाच बागेतलं लाकूड दोन वेगळ्या कारागिरांना द्या, दोन वेगळी तेलं मिळतील. माती आणि हवा यांचा परिणाम असतोच, पण मला विचाराल तर आधी राळ, मग कारागिराचा हात, आणि गाव तिसऱ्या नंबरावर.

तरी गावं कुठली हे माहीत असलेलं बरं. फू क्वोक हे बेट आहे, थायलंडच्या आखातात, व्हिएतनामच्या मुख्य भूमीपेक्षा कंबोडियाचा किनारा त्याला जवळ, आणि तिथली काळी मिरी प्रसिद्ध आहे. न्हा त्रांग हे मध्य व्हिएतनामच्या खान्ह होआ प्रांतातलं समुद्रकाठचं शहर, आणि या प्रांताला तिथले लोक उदाची भूमी म्हणूनच ओळखतात. पूर्वी हा भाग चाम लोकांच्या चंपा राज्यात होता. न्हा त्रांगला पो नगर म्हणून चाम लोकांची जुनी देवळं आहेत, तिथल्या देवीची गोष्ट अशी की ती उदाच्या ओंडक्यात शिरून समुद्रावरून उत्तरेच्या देशात वाहत गेली आणि तिथल्या राजपुत्राशी तिचं लग्न झालं. तिथे संस्कृत शिलालेख आहेत आणि दारावर महिषासुरमर्दिनी कोरलेली आहे. भाऊजींना सांगा पुढच्या खेपेला तिथे नक्की जाऊन या.

दोन्ही ओरिजिनल आहेत का? दोन्हींत वास टप्प्याटप्प्याने बदलला, ही चांगली खूण आहे. बनावट ऊद, म्हणजे केमिकलचं मिश्रण, तासन्‌तास एकाच जागी उभं राहतं आणि मग एकदम गायब होतं. पण एक लक्षात ठेवा, गोठा म्हणजे अस्सल हा समजही चुकीचा आहे, कारण तो वासही वरून घालता येतो. कागदावर थेंब टाकून बघा, फ्रीजमध्ये गोठतं का बघा, हे जे उपाय सांगतात त्यांवर माझा भरवसा नाही. शंभर टक्के खात्री हवी असेल तर लॅबमध्ये जीसी-एमएस टेस्ट, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखायची चाचणी, करावी लागते, कन्नौजला केंद्र सरकारचं एफएफडीसी, म्हणजे सुगंध आणि स्वाद विकास केंद्र, आहे, 1991 पासून सुगंधी तेलांवर काम करतंय, तिथे अशी तपासणी होते. पण पाव तोळ्यासाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

लग्नाला मात्र फू क्वोक लावा. हॉलमध्ये गर्दी असते, लोक जवळ येऊन भेटतात, तिथे पहिल्या वीस मिनिटांचाच वास लोकांच्या लक्षात राहतो आणि तो गोड असलेला बरा. संध्याकाळी रिसेप्शनला जायच्या आधी पुन्हा एक टिपका लावायला सांगा, कारण दिवसभर टिकण्याइतका त्याचा जोर नाही. आणि मिस्टरांना न्हा त्रांगच लावायचं असेल तर घरून निघायच्या दोन तास आधी लावू दे, म्हणजे गोठा घरीच संपेल आणि मंडपात दालचिनी पोचेल. नाहीतर ती कुपी तुम्ही घरातल्या थंडीसाठी ठेवा, रात्री शाल पांघरून वाचत बसताना मनगटावर एक टिपका, त्या तेलाला खरी जागा तीच. झाकण घट्ट, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, उन्हापासून लांब. प्लास्टिकच्या बाटलीत कधीही ओतू नका. वर्ष-दोन वर्षांनी परत उघडून बघा, गोठा बराच निवलेला असेल.

प्रश्न : माझा मुलगा जानेवारीत मित्रांबरोबर व्हिएतनामला फिरायला चाललाय, मी त्याला उदाचं तेल आणायला सांगितलंय. पण कुणीतरी म्हणालं की यावर बंदी आहे आणि जंगल तोडून काढतात. मग आणावं की नाही? आणि किनाम म्हणून जे सगळ्यात भारी मिळतं तेच आणायला सांगू का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बंदी नाही, नियंत्रण आहे, आणि ते असायलाच हवं. राळ आत आहे की नाही हे बाहेरून नक्की कळत नाही, त्यामुळे लोक झाडामागून झाड तोडत गेले आणि जंगलातली क्रास्ना आज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. आपल्या आसामकडची जात, अक्विलेरिया मलाक्सेन्सिस, ही सायटिस करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, 1995 मध्ये आली आणि 2005 पासून अक्विलेरियाच्या सगळ्याच जाती त्यात आहेत, म्हणजे व्यापार करायचा तर परमिट लागतं. प्रवाशाने स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या मालाला सायटिसच्या ठरावात सूट आहे, माणशी 1 किलोपर्यंत लाकडाचे तुकडे, 24 मिलीपर्यंत तेल आणि मण्यांच्या दोन माळा. 24 मिली म्हणजे साधारण दोन तोळे, घरच्यासाठी उदंड झालं. तरी प्रत्येक देशाचं कस्टम आपापल्या पद्धतीने बघतं, तेव्हा निघायच्या आधी आपल्याकडचा नियम नीट विचारून घ्या आणि दुकानाचं बिल जपून ठेवायला सांगा.

आणि लागवडीच्या झाडाचंच तेल आणायला सांगा, हे मी आग्रहाने सांगतोय. मिनेसोटा विद्यापीठाचे रॉबर्ट ब्लँचेट यांनी व्हिएतनाममध्येच शेतकऱ्यांबरोबर यावर काम केलं, झाडाला भोक पाडायचं, त्यात छोटी नळी बसवून जखम उघडी ठेवायची, मग लागवडीच्या झाडातही राळ तयार होते, जंगलात हात घालावा लागत नाही. काही लोक नाक मुरडतात की बागेच्या तेलाला जंगलाची खोली नाही. जुन्या जंगली लाकडाचं तेल वेगळं असतं हे खरंच आहे, पण त्या वासासाठी उरलेली झाडं जाऊ देणं मला पटत नाही, आणि चांगल्या कारागिराच्या हातचं बागेचं तेल आता खरोखर सुंदर निघतं.

किनामचा नाद सोडा. व्हिएतनामी लोक ज्याला की नाम म्हणतात आणि जपानी लोक क्यारा, ते लाकूड इतकं दुर्मिळ आहे की वजनाला सोन्याच्या वरचा भाव सांगतात, ते भट्टीत घालणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे टुरिस्टच्या बाजारात पर्यटकाच्या खिशाला झेपेल अशा भावात किनामचं तेल म्हणून कुणी कुपी पुढे केली तर मुलाने सरळ पुढच्या दुकानात जावं.

प्रश्न : दुबईहून आणलेले उदाचे तुकडे निखाऱ्यावर टाकले तर व्हॅनिलासारखा गोड वास येतो. म्हणून त्याचंच तेल घेतलं, पण त्यात तो वास नाहीच. फसवलं का?
— एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर : तेवढ्यावरून फसवलं असं म्हणता येणार नाही. उदाच्या राळेत मुख्यतः दोन प्रकारची द्रव्यं असतात, एक सेस्क्विटर्पिन आणि दुसरी क्रोमोन. भट्टीत पाण्याच्या वाफेबरोबर सेस्क्विटर्पिन वर येतात आणि तेलात उतरतात. क्रोमोन जड असतात, ते बहुतेक लाकडातच राहतात. तेच लाकूड निखाऱ्यावर तापलं की क्रोमोन फुटतात आणि तो गोड, बदाम-व्हॅनिलाकडचा वास सुटतो. म्हणजे तुम्ही जो वास शोधताय तो कुपीत मिळणं अवघडच, तो हवा असेल तर तुकडेच जाळावे लागतील, आणि तेही लाल निखाऱ्यावर थेट नको, निखाऱ्यावर राखेचा थर द्या आणि वर तुकडा ठेवा, म्हणजे तो जळणार नाही, नुसता तापेल. थेट निखाऱ्यावर अर्धा वास धुरातच जातो. इलेक्ट्रिक धूपदाणी असेल तर आणखी सोपं.

प्रश्न : पांढऱ्या झब्ब्यावर उदाच्या तेलाचा तपकिरी डाग पडलाय, धुतला तरी जात नाही.
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नुसत्या पाण्याने आणि साबणाने जाणार नाही, राळ आहे ती. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून डागावर दाबा, चोळू नका, खाली जुनं फडकं ठेवा म्हणजे सुटलेलं तेल ते शोषून घेईल. बोळा बदलत राहा, रंग फिका झाला की भांड्यांचं लिक्विड लावून थोडा वेळ ठेवा आणि मग कोमट पाण्यात धुवा. कपडा रेशमी असेल तर आधी आतल्या शिवणीवर ट्राय करा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. आणि पुढच्या वेळी कपड्याला लावूच नका, कानामागे लावा किंवा फाया करून खिशात ठेवा.